'डायलेट' झाले म्हणजे नेमके काय झाले?

बाळंत होऊन तीन आठवडे झालेल्या सुनेला घेऊन एक सासूबाई दवाखान्यात आल्या. तक्रार एकच, अशक्तपणा. पण ती मुलगी दोन वाक्ये बोलली की दम खात होती. पायांवर सूज होती. रात्री आडवे झाले की श्वास कोंडतो म्हणून भिंतीला टेकून, बसूनच झोपत होती. बाळंतिणीचा अशक्तपणा असा नसतो. मी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे इकोसाठी पाठवले.

दुसऱ्या दिवशी नवरा रिपोर्ट आणि गोळ्यांची पिशवी घेऊन आला. दवाखाना भरलेला होता. "डायलेटेशन आहे. लिहून दिलेल्या गोळ्या आजच सुरू करा, आठ दिवसांनी दाखवा," एवढे बोलून मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आठ दिवसांनी कोणी आले नाही. पंधराव्या रात्री निरोप आला. घरी गेलो तर मुलगी धापा टाकत बसलेली आणि गोळ्यांची पिशवी कोनाड्यात तशीच. कारण विचारले तेव्हा नवऱ्याने मागच्या वर्षीचा एक कागद पुढे केला. तिचा गर्भ पडला होता तेव्हाचा. त्यावर लिहिले होते, 'डायलेटेशन अँड क्युरेटाज'. बारावी शिकलेल्या त्या मुलाने दोन्ही कागदांवरचा शब्द जुळवून पाहिला होता. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, पिशवीचं तोंड अजून मिटलं नाही, एवढंच ना? ते शेक-शेगडीनं मिटतं. अंगावर पिणारं लेकरू आहे, गोळ्या कशाला?"

त्याच रात्री जीप करून तिला जिल्ह्याला हलवले. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

हा शब्द मूळ लॅटिनमधला. अर्थ, रुंद होणे किंवा करणे. गंमत अशी की मराठीत यासाठी वेगवेगळी क्रियापदे आहेत. डोळ्याची बाहुली विस्फारते, पिशवीचे तोंड उघडते, रक्तवाहिनी सैल होते, हृदय ताणून फुगते. आम्ही डॉक्टर मंडळी मात्र या सगळ्यावर एकच इंग्रजी शब्द चिकटवतो. कधी तो निसर्गाचा नियम असतो, कधी उपचार, तर कधी आजार.

बाळंतपणात तो निसर्ग असतो. पिशवीचे तोंड पूर्ण उघडले म्हणजे 10 सेंटिमीटर. जुन्या सिस्टर ते बोटांनी सांगत. पूर्वी आम्हाला शिकवले होते की तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा हट्ट सोडायला सांगितले. विशेषतः 5 सेंटिमीटरपर्यंतची वाट फार सावकाश असू शकते. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ घड्याळ पाहून 'सिझर करा' असा धोशा नातेवाइकांनी लावू नये. क्युरेटिंगमध्ये मात्र तेच तोंड डॉक्टर मुद्दाम थोडे रुंद करून आतून पिशवी साफ करतात. गर्भ पडल्यानंतर खरवडण्याऐवजी आता शोषून घेण्याची पद्धत अधिक सुरक्षित मानतात.

डोळ्यांचे थेंब हाही उपचारच, खरे तर तपासणीची तयारी. बाहुली विस्फारली की डॉक्टरांना आतला पडदा नीट दिसतो. मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा ही तपासणी करावीच. नजर चांगली आहे म्हणून टाळू नये, कारण पडद्याचे नुकसान सुरुवातीला कळत नाही. थेंबांनंतर काही तास जवळचे अक्षर पुसट दिसते, उन्हात डोळे दिपतात. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा, बरोबर माणूस न्या. थेंब घातल्यावर डोळा लाल होऊन जोराने ठणकू लागला, उलट्या झाल्या, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. असे क्वचित होते, पण तो काचबिंदूचा झटका असू शकतो.

थेंब न घालता बाहुली मोठी झाली तर गोष्ट वेगळी. डोक्याला मार लागलेला माणूस पेंगू लागला आणि एकच बाहुली मोठी दिसली, तर कवटीच्या आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. 'झोपू द्या त्याला' म्हणू नका, गाडी काढा. आपल्याकडे आणखी एक कारण म्हणजे धोतरा. मुलाने धोतऱ्याच्या बिया खाल्ल्या की दोन्ही बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडे पडते आणि ते बरळू लागते.

दम्याचा पंप आकसलेल्या श्वासनलिका सैल करतो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी रक्तवाहिन्या सैल करते. रक्तदाब उतरून चक्कर येते, म्हणून ती बसूनच घ्यावी. सोनोग्राफीत 'किडनी डायलेट' असे आले तर लघवीची वाट कुठे अडली आहे हे शोधावे लागते, बहुधा खडा. गरोदरपणात उजव्या बाजूला असे थोडेफार होतेच, घाबरू नये. आणि संडास साफ करायचे ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे: ते पोराने प्यायले आणि जगले, तर आकसलेली अन्ननलिका पुन्हा पुन्हा दुर्बिणीतून रुंद करून घ्यावी लागते. कधी कधी वर्षानुवर्षे.

आता हृदय. इथे हा शब्द आजाराचा. मुठीएवढा हा स्नायू कमजोर झाला की ताणला जातो, पातळ होतो आणि रक्त पुरेसे ढकलू शकत नाही. मग पाणी फुफ्फुसात आणि पायात साचते. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत, आधी ठणठणीत असलेल्या बाईलाही हे होऊ शकते. उशा वाढवाव्या लागणे, रात्री दचकून उठून बसणे, सूज उतरण्याऐवजी वाढणे ही लक्षणे बाळंतवाताच्या नावावर खपवू नका. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे असतात. कोणती, ते डॉक्टर ठरवतात.

त्या मुलीला दहा दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. गोळ्या नेमाने घेतल्या. सहा महिन्यांनी केलेल्या इकोत हृदय जवळजवळ मूळ आकारावर आले होते. सगळ्यांच्या बाबतीत असे होत नाही. हृदय सुधारले तरी पुढच्या बाळंतपणात आजार उलटू शकतो, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या मुलाचा विचार करायचा नाही, हे मी या वेळी दोघांना समोर बसवून, कागदावर हृदयाचे चित्र काढून मराठीत सांगितले. तिने कॉपर-टी बसवून घेतली. सासूबाईंना ते अजून पटलेले नाही.