तेज कमी, अक्षरे स्पष्ट

घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथील मंदिराचे छायाचित्र तुम्ही एका वेबपानावर लावले व त्यावर पांढऱ्या अक्षरांत गावाचे नाव लिहिले, असे समजा. छायाचित्र फार उजळ, म्हणून नाव वाचता येत नाही. काय करावे?

पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग तांबडा, हिरवा व निळा यांच्या ० ते २५५ या अंकांनी ठरतो. 'सातवीच्या वर्गाने उभे राहावे' म्हणताच सारी मुले उठतात ना? तसेच वेबपानातील घटकांना एका वर्गाचे नाव दिले, की त्या वर्गाची सूचना साऱ्यांना लागू होते. 'तेज ५० टक्के' ही सूचना मिळताच ब्राउझर प्रत्येक अंक निम्मा करतो. २००, १२०, ६० चे १००, ६०, ३० होतात. मूळ छायाचित्र मात्र जसेच्या तसे राहते.

आता तेज १५० टक्के करा. ३००, १८०, ९० यायला हवेत. पण २५५ च्या पुढे जागाच नाही! तांबडा तेथेच अडतो व रंग किंचित पिवळसर दिसतो.

हा वर्ग फक्त छायाचित्रालाच द्या. सबंध चौकटीला दिलात, तर आतील पांढरी अक्षरेही मंद होतील!