खर्च वसूल झाला, तरी तोटा

१९७१ साली अमेरिकेतली लॉकहीड कंपनी सरकारच्या दारात उभी होती. ‘एल-१०११ ट्रायस्टार’ या मोठ्या प्रवासी विमानावर तिने अफाट पैसा ओतला होता. त्यातच विमानाची इंजिने पुरवणारी रोल्स-रॉईस फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. बँका कर्ज द्यायला तयार होत्या, पण २५ कोटी डॉलरच्या त्या कर्जाला सरकारची हमी हवी होती. साधारण २०० विमाने विकली की खर्च भरून निघेल, असा हिशेब कंपनीने अमेरिकन काँग्रेसपुढे मांडला. सिनेटने ४९ विरुद्ध ४८, म्हणजे अवघ्या एका मताच्या फरकाने हमी मंजूर केली.

पुढे ट्रायस्टारची २५० विमाने बनली. तरीही प्रकल्प मोठ्या तोट्यात गेला आणि डिसेंबर १९८१ मध्ये लॉकहीडने उत्पादन थांबवण्याची घोषणा केली.

हे कसे घडले? भांडवली गुंतवणुकीबद्दलचा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज यामागे आहे: घातलेले पैसे परत आले की प्रकल्प तरला. वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या भांडवलाची किंमत लॉकहीडने हिशेबात धरलीच नव्हती. अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट यांनी १९७३ मध्ये हाच मुद्दा मांडला. ती किंमत धरली, तर ना नफा ना तोट्याचा टप्पा पाचशे विमानांच्या घरात जात होता.

आपल्याकडे हाच गैरसमज वेगळ्या शब्दांत ऐकू येतो. ‘कर्ज काढलेलेच नाही, मग व्याज कसले?’ पण तोच पैसा दुसरीकडे गुंतवला असता तर काही कमावून आणला असता. ती हुकलेली कमाई हाही खर्चच आहे. अपेक्षित परतावा १२ टक्के असेल, तर वर्षाने हाती येणाऱ्या १ लाखाची आजची किंमत सुमारे ८९,३०० रुपये भरते. भविष्यातली प्रत्येक आवक अशी आजच्या किमतीत आणायची, त्यातून गुंतवणूक वजा करायची. उरते ते निव्वळ वर्तमान मूल्य (एनपीव्ही).

‘पैसे लवकर सुटतात तो प्रकल्प चांगला’ हेही असेच पक्के बसलेले मत. समजा, एखाद्या यंत्रमाग कारखानदारापुढे १० लाखांची दोन यंत्रे आहेत. पहिले यंत्र दोन वर्षे ५-५ लाख आणि तिसऱ्या वर्षी १ लाख देऊन थकते. दुसरे सहा वर्षे दरसाल ३ लाख देते. पहिल्याचे पैसे दोन वर्षांत सुटतात, दुसऱ्याला सव्वातीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. मात्र १२ टक्के दराने पाहिले, तर पहिल्यात सुमारे ८४ हजारांचा तोटा आहे आणि दुसऱ्यात २ लाख ३३ हजारांचा फायदा. रोकड चणचणीच्या काळात परतफेडीचा कालावधी जरूर पाहावा. पण तो जोखमीचा अंदाज देतो, फायद्याचा नाही.

टक्केवारीची भुरळ याहून मोठी. वर्षात १ लाखाचे दीड लाख करणारा प्रकल्प ५० टक्के परतावा देतो, १० लाखांचे १३ लाख करणारा ३० टक्के. दोन्हींपैकी एकच करता येणार असेल, तर बहुतेक जण पहिल्याला हात घालतील. त्याच १२ टक्के दराने पहिला सुमारे ३४ हजारांची भर घालतो, दुसरा १ लाख ६० हजारांची. शिवाय खाणीसारख्या व्यवसायात शेवटी जमीन पूर्ववत करण्याचा मोठा खर्च येतो. अशा वेळी या टक्केवारीची, म्हणजे अंतर्गत परतावा दराची, एकाहून अधिक उत्तरे निघू शकतात, आणि त्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

ट्रायस्टारच्या वादात आणखी एक चूक झाली, आणि ती दोन्ही बाजूंनी केली. जवळपास १०० कोटी डॉलर घातल्यावर माघार घेणे मूर्खपणाचे, असे समर्थक म्हणत. त्या १०० कोटींवर समाधानकारक परतावा मिळणारच नाही, मग पुढे जाणे मूर्खपणाचे, असे विरोधक म्हणत. खरे तर तो पैसा दोन्ही परिस्थितींत गेलेलाच होता. आजपासून पुढे किती जाणार आणि किती येणार, एवढेच पाहायला हवे होते. अर्धवट धरणापासून घरच्या दुकानापर्यंत ‘आता शेंडी तुटो की पारंबी’ म्हणून रेटलेल्या कामांत हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

घसाऱ्याबाबतही अशीच गल्लत होते. तो पुस्तकी खर्च आहे, खिशातून जाणारी रोकड नव्हे. त्यामुळे रोकड प्रवाहातून तो वजा करायचा नसतो. त्याने वाचवलेला कर मात्र धरायचा.

हे गणित बहुतेक जण एक्सेलवर करतात. त्यातले एनपीव्हीचे सूत्र पहिली रक्कमही वर्षअखेरीची मानते. म्हणून आजची गुंतवणूक सूत्राच्या कंसात टाकू नका. सूत्राचे उत्तर आल्यावर ती बाहेरून वजा करा.