शेतकऱ्याच्या मुलामुलींनीं भूमीचें शास्त्र कसें शिकावें?

दर वर्षीं बारावीचे निकाल लागले कीं आमच्या वाचकांच्या घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो: मुलानें किंवा मुलीनें पुढें काय शिकावें? डॉक्टरी आणि इंजिनियरी या दोन वाटा सर्वांस ठाऊक असतात. तिसरी वाट शेतकी कॉलेजाची. परंतु ज्या जमिनीवर आपण उभे आहों आणि जिच्या पोटांतील पाण्यावर आपलें बागाईत अवलंबून आहे, तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास करण्याचीही एक पदवी आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. ज्यांच्या ध्यानांत येते, त्यांतील कित्येक जण तिची आंखणी न समजल्यामुळें भलत्याच दारानें आंत शिरतात. कॉलेजाची फी, शहरांतील खोलीचें भाडें आणि खाणावळीचा खर्च हा बहुधा एखाद्या पिकाच्या पैशांतून, नाहीं तर कर्ज काढून भागविलेला असतो. तो वायां जाऊं नये म्हणून या विषयाचा थोड्या विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा अभ्यास शेतकऱ्याच्या घरांत कशाला?

महाराष्ट्राचा चार पंचमांशांहून अधिक भाग काळ्या खडकानें, म्हणजे बेसाल्टानें व्यापलेला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतील तप्त रस एकामागून एक थरांनीं वर येऊन पसरला व थिजला. आपली काळी कसदार जमीन याच खडकाच्या झिजेंतून तयार झाली. हा खडक मूळचा पाणी साठविणारा नव्हे. पाणी सांपडतें तें त्याच्या वरच्या कुजलेल्या भागांत, ज्यास आपण मुरूम म्हणतों. दोन थरांच्या सांध्यांत. आणि जेथें भेगा व पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या आहेत तेथें. म्हणून एका बांधावरील विहिरीस भरपूर पाणी लागतें आणि शेजारच्या बांधावरील विहीर कोरडी जाते. पाणाड्याचा नारळ कधीं बरोबर ठरतो, कधीं चुकतो. परंतु चुकल्यावर कां चुकला हें नारळ सांगत नाहीं. खडकाचे थर ओळखणारा मनुष्य तें सांगूं शकतो. एका पाठोपाठ तीन चार विंधनविहिरी कोरड्या गेलेल्या घरास या ज्ञानाची किंमत निराळी समजावून द्यावयास नको.

गोष्ट केवळ पाण्याची नाहीं. कालव्याच्या पाण्यानें ऊंस पिकवितां पिकवितां खारवट व चोपण झालेल्या जमिनी सांगली-कोल्हापुराकडील शेतकऱ्यांस परिचित आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपानें हजारों माणसें घरांत झोपेंतच गाडलीं गेलीं. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळून दीडशेवर माणसें दगावलीं. अशा गोष्टी समजून घेणारीं माणसें गांवांतूनच निर्माण झालीं पाहिजेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

नांवें सारखीं, विषय निराळे

पहिली सावधगिरी नांवांविषयींची. भूगर्भशास्त्र, पर्यावरणशास्त्र, पर्यावरण इंजिनियरी आणि शेतकीच्या पदवींतील मृदाशास्त्र हे चार विषय एकमेकांचे शेजारी असले तरी एक नव्हेत. भूगर्भशास्त्रांत खडक, खनिजें, भूजल व भूमीचा इतिहास हा गाभा असतो. पर्यावरणशास्त्रांत हवा, पाणी, माती, वनस्पति आणि प्राणी यांचे परस्परसंबंध व प्रदूषणाची तपासणी यांवर भर असतो. त्यास रसायन व जीवशास्त्र यांचा पाया लागतो. पर्यावरण इंजिनियरी म्हणजे सांडपाण्याची व घनकचऱ्याची व्यवस्था करण्याची विद्या. तिचा मार्ग इंजिनियरींतून जातो. मृदाशास्त्राचा मार्ग मात्र कृषि विद्यापीठांतून जातो.

हा भेद नोकरीच्या वेळीं फार जाणवतो. १८५१ सालीं स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यांत, किंवा केंद्रीय भूजल मंडळांत शास्त्रज्ञाची जागा मिळविण्यासाठीं संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिक परीक्षा द्यावी लागते. आणि भूवैज्ञानिकाच्या जागेस भूगर्भशास्त्रांतील किंवा त्याच्या शाखांतील एम्.एस्सी. मागितली जाते. पांच वर्षें पर्यावरणशास्त्र शिकून मग ही जाहिरात वाचणाऱ्यास पश्चात्तापाखेरीज कांहीं उरत नाहीं. उलट प्रदूषणाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेंत किंवा कारखान्याच्या पर्यावरण विभागांत पर्यावरणशास्त्राच्या पदवीधरास सोयीचें पडतें. म्हणून प्रथम शेवटचें काम ठरवावें, आणि तेथून मागें येत येत पदवी निवडावी. विहीर कोठें खणावयाची हें ठरविल्यावर मग पाट काढतात. येथेंही क्रम तोच आहे.

अकरावींतच पाया

पुष्कळ मुलें गणिताच्या धास्तीनें अकरावींत गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेतात. आमचा आग्रह असा कीं, ज्यास भूमीच्या शास्त्राकडे जावयाचें आहे त्यानें भौतिक व रसायन यांबरोबर गणित सोडूं नये. झेपत असेल तर जीवशास्त्रही ठेवावें. पुण्याच्या आयसर या राष्ट्रीय संस्थेंत भूमि व हवामान यांचा अभ्यास पांच वर्षांच्या संयुक्त पदवींत करतां येतो. तिच्या प्रवेशपरीक्षेंत जीवशास्त्र, रसायन, गणित व भौतिक या चारही विषयांचे प्रश्न असतात. शिवाय भूजलाचा प्रवाह, भूकंपाच्या लहरी, पावसाचीं सरासरी मानें हें सर्व शेवटीं गणितावर येऊन ठेपतें. अकरावींत वांचविलेले कष्ट पुढें व्याजासह भरावे लागतात.

पदवीच्या वर्षांची आंखणी

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर पदवीची रचना बदलली आहे. तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडतां येतें, किंवा चौथें वर्ष करून ऑनर्स पदवी घेतां येते. प्रत्येक विद्यार्थ्यास एक मुख्य विषय व त्याच्या जोडीस दुय्यम विषय घ्यावा लागतो. या निवडींत खरें शहाणपण आहे.

पहिल्या वर्षीं खनिजें व खडक हातांत घेऊन ओळखावयास शिकावें आणि भौतिक-रसायनाचा पाया पक्का करावा. दुसऱ्या वर्षीं खडकांचे थर व त्यांचा काळ, जमिनीची मोजणी, नकाशावाचन आणि संख्याशास्त्र घ्यावें. तिसऱ्या वर्षीं भूजलशास्त्र, उपग्रहाच्या छायाचित्रांचें वाचन आणि संगणकावर नकाशे तयार करण्याची भौगोलिक माहिती प्रणाली हे विषय चुकवूं नयेत. कारण आज या क्षेत्रांतील बहुतेक कामें याच साधनांनीं चालतात. मुख्य विषय भूगर्भशास्त्र असल्यास दुय्यम विषय रसायन किंवा भूगोल घ्यावा. मुख्य विषय पर्यावरणशास्त्र असल्यास रसायनाची जोड विशेष हितकर.

चौथ्या वर्षीं जो प्रबंध करावयाचा तो शक्य तर आपल्याच गांवावर करावा, अशी आमची सूचना आहे. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजतें. विद्यार्थ्यानें तसेंच आपल्या शिवारांतील वीस-पंचवीस विहिरींचें पाणी चारही ऋतूंत मोजावें, प्रत्येक विहिरींतील थरांची नोंद करावी, पर्जन्यमापकाचे आंकडे त्यांशीं ताडून पहावे आणि नकाशा ग्रामपंचायतीस द्यावा. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार गांवानें पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची व त्याप्रमाणें पिकें ठरविण्याची शिस्त लावून घेतली आहे. गांवोगांवीं अशी शिस्त लावावयाची तर आंकडे जमविणारा मनुष्य हवा.

कॉलेज पाहतांना

फर्ग्युसनसारख्या जुन्या कॉलेजांत, तसेंच पुणें, नागपूर व सोलापूर येथील विद्यापीठांत भूमीच्या शास्त्रांचें शिक्षण मिळतें. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. परंतु केवळ नांवावर जाऊं नये. कॉलेजांत जाऊन चार प्रश्न विचारावे. क्षेत्रभेटी वर्षांतून किती व कोठें होतात? खडकांचे पातळ काप पाहण्याचीं सूक्ष्मदर्शकें मुलांच्या हातीं देतात कीं कपाटांत ठेवतात? विषयाचे कायम प्राध्यापक किती आहेत? मागील वर्षांचे विद्यार्थी पुढें कोठें गेले?

यांत क्षेत्रभेटीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्यानें जन्मभर बेसाल्टच पाहिला, त्यास खडकांचें अर्धें जग अज्ञातच राहिलें. चंद्रपूरकडील कोळशाचे थर, भंडाऱ्याकडील मँगनीजच्या खाणी, सिंधुदुर्गांतील जांभा, बुलढाणा जिल्ह्यांतील उल्कापातानें झालेलें लोणारचें सरोवर आणि निघोजजवळ कुकडीच्या पात्रांतील रांजणखळगे हीं सर्व आपल्याच राज्यांतील पाठ्यपुस्तकें आहेत. मुलीस क्षेत्रभेटीस पाठविण्यास कांहीं घरें कचरतात. तिच्या सोयीची व सुरक्षिततेची चौकशी अवश्य करावी, पण तिला घरीं ठेवूं नये. क्षेत्रभेटीविना ही पदवी म्हणजे पोहण्याची पुस्तकी परीक्षा होय.

खर्चाचा अंदाज प्रवेशापूर्वींच मांडावा. शुल्कासाठीं राजर्षि शाहू महाराज शिष्यवृत्ति आणि वसतिगृहाच्या खर्चासाठीं डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना राज्यांत आहेत. आपल्या अभ्यासक्रमास व उत्पन्नास त्यांतील कोणती लागू पडते, हें कॉलेजाच्या कार्यालयांत लेखी विचारून घ्यावें.

पुढील मार्ग

पदवीनंतर आय.आय.टी.मधील एम्.एस्सी.साठीं ‘जाम’ परीक्षा आहे. तींत भूगर्भशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, आणि मुंबईच्या आय.आय.टी.त भूविज्ञानाचा विभाग आहे. राज्यांत १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास निर्माण झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यांत काम करते. धरणें, बोगदे व रस्ते यांच्या पायाची तपासणी, खाणी, पाणलोट क्षेत्रांत काम करणाऱ्या संस्था, हींही क्षेत्रें आहेत. मात्र सरकारी जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, हें प्रथमपासून ध्यानांत ठेवावें. संगणकावरील नकाशाकाम, पाण्याचें पृथक्करण यांसारखें एखादें हातचें कौशल्य प्रत्येकानें पदवीबरोबरच मिळवावें. एका पिकावर सर्व शेत लावणारा शेतकरी ज्या धोक्यांत असतो, त्याच धोक्यांत एकाच परीक्षेवर आयुष्य लावणारा विद्यार्थी असतो.

आणि समजा, पदवी घेऊन मुलगा किंवा मुलगी गांवींच परत आली, तर तें शिक्षण फुकट गेलें असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. ज्या शिवारांत विहिरींचा नकाशा आहे, पावसाची वही आहे, आणि पुढील बोअर कोठें घेऊं नये हें सांगणारें घरचें माणूस आहे, तें शिवार दुष्काळांतही शेजाऱ्याहून अधिक काळ तग धरील. आमच्या वाचकांनीं यंदा बारावीच्या वर्गांत असलेल्या आपल्या मुलामुलींपुढें हा विचार अवश्य मांडावा, आणि ज्यांचीं मुलें दहावींत आहेत त्यांनीं गणिताच्या निवडीचा प्रश्न आजच घरांत काढावा.