धारावी बेट : उन्हावर बेतलेले अर्थकारण

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पश्चिम टोकाला, वसई खाडीच्या दक्षिणेस असलेल्या धारावी बेटावर, टेकडीच्या उतारावर व समुद्रकाठी उत्तन, पाली, चौक आणि डोंगरी ही गावे वसली असून, पोर्तुगीज अमलापासूनची ख्रिस्ती वस्ती आणि मराठ्यांच्या वसई मोहिमेत (1737-39) लढवला गेलेला धारावी किल्ला ही त्यांची जुनी ओळख आहे. येथील मिळकतीचा मोठा आधार म्हणजे बोंबील. भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या पिशवीसारख्या ‘डोल’ जाळ्यात तो सापडतो आणि अंगात पाणी फार असल्याने लवकर नासतो. म्हणून दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी ‘वलांडी’वर, म्हणजे बांबूच्या मांडवाला ताणलेल्या दोरीवर, काही दिवस कडक उन्हात वाळवतात. निवडण्यापासून बाजारात विकण्यापर्यंतचे बरेचसे काम कोळी बायका करतात, आणि या श्रमाला व्यवसायाच्या हिशेबात मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे. फ्रान्समधील बर्गंडीच्या द्राक्षगावांना जशी गारपिटीची, तशी येथे अवकाळी पावसाची धास्ती असते, कारण एका सरीने वलांडीवरचा सगळा माल कुजू शकतो. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात घरखर्च बहुधा याच सुक्या साठ्यावर भागतो.