हलकी चाकं, छोटी गाडी: वजन नेमकं कुठून कमी करायचं?

अलॉय व्हील घ्यायला दुकानात गेलात की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "चाकातला एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो." कुणी चार सांगतं, कुणी आठ. हा आकडा आला कुठून, ते मात्र कुणी सांगत नाही. गंमत म्हणजे तो तपासायला बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं.

तपासायचं कारणही साधं आहे. चार अलॉय आणि चार टायर हा छोट्या गाडीच्या मालकासाठी मोठा खर्च असतो. आणि जुलैच्या रात्री सायन-पनवेल हायवेवर पाण्याखालचा खड्डा दिसत नाही, तेव्हा हेच चाक तुम्ही घरी कसे पोचता ते ठरवतं. म्हणून दोन्ही बाजू बघू: हलक्या चाकाने खरोखर काय मिळतं आणि काय गमावू शकतो.

उदाहरणाला स्विफ्ट घेऊ. खालच्या व्हेरिएंटला १६५/८० आर १४ टायर आणि स्टीलची रिम, वरच्याला १८५/६५ आर १५ आणि अलॉय. वॅगनआर, आय१० किंवा टियागो असेल तर आकडे थोडे बदलतील, गणित तेच राहील.

एक किलो म्हणजे किती किलो?

घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो. कॅरमबोर्डवरची पावडर नीट पुसा आणि एक बाजू दोन पुस्तकांवर टेकवा. स्ट्रायकर आणि एक बांगडी, दोन्ही उभ्या धरून वरून एकदम सोडा. स्ट्रायकर पुढे जातो, बांगडी मागे राहते. दोघांचं वजन किंवा व्यास किती, याने फरक पडत नाही. बांगडीचं सगळं वस्तुमान कडेला आहे, म्हणून तिला पुढे नेण्याइतकीच ऊर्जा तिला फिरवण्यातही जाते. स्ट्रायकरला फिरवायला त्याच्या निम्मीच लागते.

यालाच जडत्वाचा आघूर्ण म्हणतात. वेग वाढवताना फिरणारा एक किलो किती किलोसारखा वागतो, ते तो अक्षापासून किती लांब आहे यावर ठरतं. अगदी टायरच्या बाहेरच्या कडेला असेल तर दोन किलोसारखा. दोनच्या वर तो जाऊच शकत नाही, कारण टायरच्या कडेपलीकडे चाकच नाही. म्हणजे चार, आठ, दहा हे सगळे आकडे इथेच बाद झाले.

आता चाकाचे दोन भाग करू. टायरचं बरंचसं वजन बाहेरच्या कडेजवळ असतं, त्यामुळे टायरचा एक किलो साधारण १.८ किलोसारखा वागतो. रिम आत असते, शिवाय तिचं काही वजन मधल्या भागात असतं. तिचा एक किलो साधारण १.२५ ते १.३ किलोसारखा. यातून पहिली उपयोगाची गोष्ट कळते: टायरमध्ये वाचवलेला किलो रिममध्ये वाचवलेल्या किलोपेक्षा जास्त कामाचा. आणि बहुतेक लोक टायरचं वजन विचारतसुद्धा नाहीत.

मग पिकअप वाढतो का?

तीन पर्याय मांडू. वजनं अंदाजे धरली आहेत, पण छोट्या गाड्यांच्या चाकांच्या पल्ल्यातलीच.

पहिला, कंपनीचा: १४ इंची स्टीलची रिम ७ किलो, टायर ७ किलो.
दुसरा, हलका: १४ इंची हलका अलॉय ५.५ किलो, टायर तोच.
तिसरा, "स्टायलिश": १६ इंची अलॉय ८.५ किलो, १९५/५५ आर १६ टायर ८.५ किलो.

वरचे गुणक लावले तर दुसऱ्या पर्यायात चार चाकं मिळून गाडी सुमारे साडेसात किलोने हलकी झाल्यासारखी वागते. चालकासह गाडी हजार किलोची धरली तर हे पाऊण टक्का झालं. शून्य ते शंभरला तेरा सेकंद लागत असतील तर सेकंदाचा दहावा भाग वाचेल. तो स्टॉपवॉचला कळेल, तुम्हाला नाही.

तिसऱ्या पर्यायात गाडी जवळजवळ वीस किलोने जड झाल्यासारखी वागते. म्हणजे "अलॉय टाकले, आता गाडी पळेल" म्हणणारे कित्येक जण पैसे मोजून गाडी जड करून घेतात. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा हलकं असतं हे खरं आहे. स्टीलची घनता ७.८, ॲल्युमिनियमची २.७. पण ॲल्युमिनियमचा कडकपणाही स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच असतो, त्यामुळे भाग जाड करावे लागतात. त्यात व्यास आणि रुंदी वाढवली की उरलासुरला फायदाही जातो.

हलक्या चाकाचा खरा फायदा

तो स्प्रिंगच्या खालच्या वजनात आहे. चाक, टायर, ब्रेक, हब आणि सस्पेन्शनचा काही भाग स्प्रिंगच्या खाली असतो, बाकी गाडी वर. रस्त्यावरचा उंचवटा आला की खालचं वजन झटक्यात वर जाऊन तितक्याच झटक्यात खाली यायला हवं. ते जड असेल तर चाक रस्त्यावरून थोडं सुटतं, आणि सुटलेलं चाक ब्रेकही लावू शकत नाही, वळूही शकत नाही.

पुढच्या एका चाकाकडे असं वजन साधारण ३० किलो धरा. त्यातला दीड किलो कमी झाला तर ते ५ टक्के झाले. पूर्ण गाडीच्या हिशेबात तोच बदल जेमतेम अर्धा-पाऊण टक्का होता. चाक स्प्रिंग आणि टायरच्या मध्ये सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा थरथरू शकतं. ते जितकं हलकं, तितकं शॉकअपला त्याला शांत करणं सोपं. ठाणे-बेलापूर रोडवर जिथे काँक्रीटचे सांधे आणि पेव्हर ब्लॉक एकामागोमाग येतात, तिथे हा फरक जाणवू शकतो. तिसऱ्या पर्यायात मात्र हेच वजन तीन किलोने, म्हणजे १० टक्क्यांनी वाढतं.

खड्ड्यात काय होतं?

आधी टायरच्या भिंतीची उंची काढू. १६५/८० म्हणजे १६५ मिमीच्या ८० टक्के, १३२ मिमी. १८५/६५ ची १२० मिमी. १९५/५५ ची १०७ मिमी. तिन्ही चाकांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, ६२० मिमीच्या आसपास, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. पण खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामधली २५ मिमी उशी गेली. त्या २५ मिमीची किंमत पावसाळ्यात कळते.

आता धातू. स्टीलची रिम दणका बसला की वाकते. ओतीव ॲल्युमिनियमची रिम थोडी वाकते आणि मग तडकते. बहुतेक अलॉय ज्या मिश्रधातूचे असतात त्याला ए३५६ म्हणतात: ॲल्युमिनियममध्ये सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि चिमूटभर मॅग्नेशियम. ओतल्यावर तो सुमारे ५४० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात झटकन थंड करतात आणि मग दीडशेच्या वरच्या तापमानाला काही तास ठेवतात. याला टी६ प्रक्रिया म्हणतात. त्या काळात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूत तयार होतात आणि धातूची ताकद वाढवतात.

म्हणूनच वाकलेला अलॉय गॅसच्या ज्योतीवर तापवून हातोड्याने सरळ करणं धोक्याचं आहे. चाक गोल दिसतं, पण तापवलेल्या जागेचे ते कण मोठे होऊन निकामी झालेले असतात. वरून रंग मारला की डोळ्यांना काहीच कळत नाही. सेकंडहँड अलॉय घेताना आतल्या बाजूला वेल्डिंगची खूण, रंगाचा ताजा थर किंवा स्पोकच्या मुळाशी केसासारखी रेघ दिसली तर सरळ नाही म्हणा.

चांगल्या चाकाची परीक्षा कशी होते? आयएसओ ७१४१ या मानकात टायर चढवलेलं चाक १३ अंशांत तिरकं बसवतात आणि त्याच्या कडेवर २३० मिमी उंचीवरून वजन सोडतात. किती वजन? चाकाच्या कमाल भाराच्या ०.६ पट अधिक १८० किलो. ३५० किलो भाराच्या चाकासाठी ३९० किलो. आरपार तडा गेला किंवा मिनिटाभरात सगळी हवा गेली तर चाक नापास. शिवाय वाकवण्याची आणि भाराखाली फिरवत ठेवण्याची थकवा-चाचणीही असते. पुण्यातली एआरएआय ही संस्था आपल्याकडे वाहनं आणि त्यांच्या भागांच्या चाचण्या करते. तेव्हा घेताना चाकाच्या आतल्या बाजूला निर्मात्याचं नाव, माप, ऑफसेट आणि कमाल भार कोरलेला आहे का ते बघा. जपानी पद्धतीच्या चाकांवर जेडब्ल्यूएल खूण असते. पण खूण साच्यात कोरणं सोपं असतं, म्हणून फक्त तिच्यावर भरवसा ठेवू नका, चाचणीचा कागद मागा.

बनवण्याची पद्धतही विचारा. साधं ओतीव चाक स्वस्त आणि जड. फ्लो-फॉर्म्ड चाकात मधला भाग ओततात आणि बाहेरचं पिंप रोलरने दाबून पातळ करतात, त्यामुळे ते हलकं आणि तरी चिवट होतं. फोर्ज्ड सगळ्यात हलकं आणि सगळ्यात महाग. हलकं हवं आणि स्वस्तही हवं, अशा ओतीव चाकात धातूच कमी घातलेला असण्याची शक्यता जास्त. ते घेऊ नका.

ॲव्हरेज आणि पाऊस: इथे टायर जिंकतो

सपाट रस्त्यावर एका वेगाने जाताना सहा किलो वजन कमी झालं तर टायरचा रोधक एक न्यूटननेही कमी होत नाही. त्याऐवजी रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक ०.०१० वरून ०.००८ असलेला टायर घेतला तर हजार किलोच्या गाडीत सुमारे २० न्यूटन वाचतात. ॲव्हरेज हवं असेल तर पैसे टायरमध्ये घाला. २०२२ साली केंद्र सरकारने एआयएस १४२ हे मानक अधिसूचित केलं, त्यात रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा आहेत. दुकानदाराला यातल्या पहिल्या दोन गोष्टी विचारा.

पाण्याचं गणित वेगळं. नासाच्या १९६०च्या दशकातल्या, मुख्यतः विमानाच्या टायरवरच्या प्रयोगांतून एक ठोकताळा निघाला: टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३३ पीएसआयला तो ताशी सुमारे ९६ किमी येतो, २५ ला ८३. नक्षी नसलेल्या टायरचा हा हिशेब आहे, चांगली नक्षी हा वेग वाढवते. पण दिशा स्पष्ट आहे. कमी हवा आणि झिजलेली नक्षी ही पाम बीच रोडवरच्या पावसात सगळ्यात वाईट जोडी. रुंद टायर कोरड्यात वळणावर बरा वाटतो, पाणी बाजूला सारायला मात्र त्याला जास्त काम पडतं. नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिमी आहे. पावसाळ्यासाठी मी ३ मिमीच्या खाली थांबणार नाही.

घेण्याआधी काय तपासाल?

१. वजन. सामान तोलायचा हुकचा काटा घेऊन जा. जुनं चाक आणि नवं चाक, दोन्ही तोला. दुकानदार हसेल, हसू द्या.

२. पीसीडी आणि मधलं भोक. स्विफ्टला ४×१०० आणि ५४.१ मिमी. भोक मोठं असेल तर मधली रिंग टाकून घ्या, नाहीतर स्टीअरिंग थरथरेल.

३. ऑफसेट. ४५ च्या जागी ३५ म्हणजे चाक १० मिमी बाहेर. बेअरिंगवर भार वाढतो, स्टीअरिंगचा स्वभाव बदलतो. मूळ आकड्याच्या जवळ राहा. स्पेसर नकोच.

४. टायरचा लोड इंडेक्स आणि स्पीडचं अक्षर मूळपेक्षा कमी नको. ८८ एच म्हणजे ५६० किलो आणि ताशी २१० किमी. बाजूवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा.

५. नट. स्टीलच्या रिमचे नट अलॉयला बसतीलच असं नाही. टॉर्क रेंचने मॅन्युअलप्रमाणे आवळून घ्या आणि ५०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा. स्टेपनी स्टीलचीच राहिली तर तिचे जुने नट डिकीत ठेवा.

६. कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. म्हणून निर्मात्याने त्याच मॉडेलला दिलेल्या मापांतच राहा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

मग निवड काय करायची?

सारखं शहरात आणि पावसात चालवत असाल तर मूळ १४ इंचाचं माप ठेवा आणि सगळे पैसे चांगल्या टायरमध्ये घाला. त्यानंतर पैसे उरले तर त्याच मापाचा, चाचणी झालेला हलका अलॉय. कळंबोलीहून एक्सप्रेसवेने नेहमी पुण्याला जात असाल आणि वळणावर गाडी जरा घट्ट हवी असेल तर कंपनीचंच १५ इंचाचं माप, पण तोलून, जुन्यापेक्षा जड नसलेलं. १६ इंचाला तांत्रिक कारण मला सापडलं नाही. ते छान दिसतं, आणि तेवढ्यासाठी घ्यायचं असेल तर तेवढ्यासाठीच घेतोय हे माहीत असू द्या.

तुमच्याकडे जुनं-नवं चाक तोललेलं असेल तर गाडी, माप आणि वजन मला कळवा. पुरेसे आकडे जमले की पुढच्या लेखात त्यांचा तक्ता करतो, म्हणजे निदान दहा किलोवाल्या वाक्याला उत्तर देता येईल.