संकेतस्थळांची सुरक्षा : त्रयस्थ प्लग-इनमधून होणारा शिरकाव

एखादी शिक्षणसंस्था, सहकारी पतपेढी किंवा लहान नियतकालिक आपले संकेतस्थळ तयार करवून घेते, तेव्हा त्याची सारी आज्ञावली नव्याने लिहिली जात नाही. वर्डप्रेस, जूमला यांसारखी तयार प्रणाली घेतली जाते आणि तिला छायाचित्रांची मालिका, संपर्काचा अर्ज, दिनदर्शिका अशा सोयी देणारे प्लग-इन जोडले जातात. हे प्लग-इन बहुधा मूळ प्रणालीच्या निर्मात्यांचे नसून त्रयस्थ व्यक्तींनी अथवा कंपन्यांनी लिहिलेले असतात, आणि संकेतस्थळात होणारा शिरकाव पुष्कळदा याच वाटेने होतो. मूळ प्रणालीवर असंख्य जाणकारांचे लक्ष असते. कोणी फावल्या वेळात लिहिलेला प्लग-इन तितक्या बारकाईने तपासला जाईलच असे नाही. अशा प्लग-इनमध्ये वर्षानुवर्षे आढळत आलेला एक दोष म्हणजे फाईल-समावेशनाचा दोष होय.

पीएचपी या भाषेत लिहिलेले पान अनेक तुकड्यांतून जुळवले जाते. शीर्षभाग एका फाईलमध्ये, मजकुराचा साचा दुसऱ्या, तर तळटीप तिसऱ्या फाईलमध्ये असते आणि ‘इन्क्लूड’ ही आज्ञा त्यांना एकत्र आणते. कचेरीतल्या अभिलेख-कक्षाशी याची तुलना करता येईल. चिठ्ठीवर ज्या फाईलचे नाव असेल ती शिपायाने आणून द्यायची, एवढाच नियम असेल आणि ती चिठ्ठी बाहेरून आलेल्या कोणालाही लिहिता येत असेल, तर गोपनीय कागदही मागणाऱ्याच्या हाती पडतील. संगणकाच्या बाबतीत धोका याहून अधिक आहे, कारण ‘इन्क्लूड’ ही आज्ञा फाईल नुसती आणत नाही, तर तिच्यातील पीएचपी आज्ञांची अंमलबजावणीही करते.

फाईलचे नाव पत्त्यातून, म्हणजे पाहुण्याकडून, घेतले गेले आणि त्याची शहानिशा झाली नाही, की हा दोष निर्माण होतो. हल्लेखोराने दूरच्या सर्व्हरवरील स्वतःची फाईल मागवली तर त्यास दूरस्थ समावेशन म्हणतात. त्याच सर्व्हरवरील फाईल मागवली तर ते स्थानिक समावेशन. दोन टिंबे आणि एक तिरकी रेघ यांचा अर्थ ‘एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये जा’ असा होतो. हीच खूण पुन्हा पुन्हा लिहून हल्लेखोर नेमलेल्या फोल्डरच्या बाहेर पडतो. स्थानिक समावेशन सौम्य असते, हा समजही खरा नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत प्रत्येक पाहुण्याच्या ब्राउझरचे नाव लिहिले जाते. त्या नावाच्या जागी कोणी पीएचपीची ओळ पाठवली आणि मग ती नोंदवहीच ‘इन्क्लूड’ करवली, तर ती ओळ सर्व्हरवर चालते.

दूरस्थ समावेशनाचा सुळसुळाट २००५-०६च्या सुमारास मॅम्बो आणि त्यातून २००५ मध्ये निघालेल्या जूमला या प्रणालींच्या त्रयस्थ घटकांत दिसून आला. फाईल थेट उघडली गेल्यास काम थांबवावे, अशी एक ओळ प्रत्येक घटकाच्या आरंभी लिहिणे अपेक्षित होते. अनेकांनी ती लिहिली नाही. मूळ फोल्डरचा पत्ता ज्या चलात ठेवलेला असे, त्यात हल्लेखोर आपल्या सर्व्हरचा पत्ता भरत आणि संकेतस्थळ आज्ञाधारकपणे तिथली फाईल आणून चालवी. बाहेरून आलेल्या मूल्यांना थेट चल बनवणारी पीएचपीची जुनी सोय २००२ पासून मुळात बंद ठेवलेली होती. तथापि जुन्या आज्ञावलींसाठी ती पुन्हा सुरू केली जाई. २०१२ मध्ये ती भाषेतूनच काढून टाकण्यात आली. दूरस्थ पत्त्यावरील फाईल समाविष्ट करण्याची मुभा तर २००६ मधील ५.२ या आवृत्तीपासून मुळातच बंद असते. त्यामुळे दूरस्थ समावेशन बरेच घटले. स्थानिक प्रकार मात्र टिकून राहिला.

या संदर्भात २०१४ मधील ‘स्लायडर रिव्होल्यूशन’ या प्लग-इनचे प्रकरण आवर्जून पाहण्याजोगे आहे. मुखपृष्ठावर सरकती चित्रे दाखवणारा हा सशुल्क प्लग-इन अतिशय लोकप्रिय होता. चित्राची मागणी ज्या पत्त्याने केली जाई, त्यात चित्राऐवजी वर्डप्रेसच्या मांडणी-फाईलचे नाव दिले, की तिचा मजकूर थेट हाती येत असे. काटेकोरपणे पाहता ही फाईल चालवली जात नव्हती, केवळ उघड होत होती. परंतु डेटाबेसचा पासवर्ड तिच्यातच असतो. निर्मात्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये हा दोष दुरुस्त केला, पण त्याचा गाजावाजा केला नाही. सप्टेंबरमध्ये तो जाहीर झाला. डिसेंबरमध्ये ‘सोकसोक’ नावाने ओळखल्या गेलेल्या मोहिमेत एक लाखाहून अधिक वर्डप्रेस संकेतस्थळे बाधित झाल्याचा अंदाज ‘सुकुरी’ या सुरक्षा कंपनीने वर्तवला, आणि गूगलने ११ हजारांहून अधिक संकेतस्थळांची नावे धोकादायक यादीत टाकली. प्रथम फाईल वाचून पाहायची आणि मग त्याच प्लग-इनमधील दुसऱ्या दोषाद्वारे घातक फाईल चढवायची, अशी या हल्ल्याची रीत होती.

दुरुस्ती उपलब्ध होऊनही दहा महिन्यांनी एवढी हानी का झाली? हा प्लग-इन अनेक तयार थीममध्ये समाविष्ट करूनच विकला जात होता. थीम विकत घेणाऱ्याला तो आपल्याकडे आहे याचीच कल्पना नव्हती, आणि स्वतंत्र परवाना नसल्याने त्याला आपोआप सुधारणाही मिळत नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणात तांत्रिक चुकीपेक्षा ही विक्रीची पद्धत अधिक दोषास पात्र आहे.

म्हणून संकेतस्थळाच्या चालकाने प्रथम यादी करावी. कोणते प्लग-इन आहेत, कोणत्या थीमच्या पोटात आणखी काय दडले आहे, कोणाची शेवटची सुधारणा केव्हा झाली, हे त्यात यावे. वापरात नसलेला प्लग-इन केवळ निष्क्रिय करून भागत नाही. त्याच्या फाईली सर्व्हरवर राहतात आणि त्यांतील काही थेट पत्त्याने उघडता येतात. तो पूर्णपणे काढून टाकावा. वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट २०२० मधील ५.५ या आवृत्तीपासून प्लग-इनच्या स्वयंचलित सुधारणेची सोय पटलावरच उपलब्ध आहे. सुधारणेमुळे मांडणी बिघडेल या भीतीने पुष्कळजण ती बंद ठेवतात. बिघडलेली मांडणी दुरुस्त करता येते, चोरीस गेलेली माहिती परत येत नाही.

सर्व्हरच्या पातळीवर काही गोष्टी होस्टिंग पुरवणाऱ्याकडून करून घ्याव्यात. दूरस्थ समावेशनाची मुभा बंद असल्याची खात्री करावी, पीएचपीला ठरावीक फोल्डरबाहेर पाहू देऊ नये, आणि चित्रे चढवण्याच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाईल चालूच नये अशी व्यवस्था असावी.

प्लग-इन लिहिणाऱ्यांसाठी उपाय सोपा, पण शिस्तीचा आहे. पाहुण्याकडून फाईलचे नाव घेऊच नये. त्याने केवळ संकेत पाठवावा, आणि कोणत्या संकेतासाठी कोणती फाईल, हे आज्ञावलीतील ठरावीक यादीने ठरवावे. दोन टिंबे व तिरकी रेघ शोधून पुसून टाकण्याचा मार्ग फसवा आहे. हल्लेखोर चार टिंबे आणि दोन रेघा पाठवतो. मधला भाग एकदा पुसला गेला, की उरलेल्या चिन्हांतून नेमकी तीच खूण पुन्हा तयार होते.

एवढी काळजी घेऊनही शिरकाव झालाच, तर संशयास्पद फाईल पुसून स्वस्थ बसू नये. नोंदवह्यांच्या प्रती बाजूला काढून ठेवाव्यात, डेटाबेसचा व व्यवस्थापकांचे सर्व पासवर्ड बदलावेत, आणि हल्ल्यापूर्वीच्या प्रतीवरून संकेतस्थळ पुन्हा उभारावे. ‘सर्ट-इन’ या राष्ट्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या व शासकीय संस्था यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, तसेच आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक आहे. संकेतस्थळ दुसऱ्याकडून बनवून घेताना या नोंदी नेमक्या कोणाकडे राहणार, हे करारातच लिहून घ्यावे.