एकशे पंचवीसचा जेट

सकाळी ६:४५
बोईसरजवळ कुंभवली नाक्यावर पहिल्या पाळीच्या बसगाड्या लागल्यात. वारा एमआयडीसीकडून आहे, त्यामुळे चहाआधी नाकात केमिकलचा वास. मिस्त्री गाळ्याचं शटर वर ढकलतात. गाळा दहा बाय वीसचा, भाडं महिना सात हजार. आत एक फिक्या निळ्या रंगाची प्रीमियर पद्मिनी रात्रभर मुद्दाम ठेवलीय. गार इंजिन कसं उठतं ते बघायचंय.

चोक ओढून स्टार्टर मारला. चौथ्या वेळी उठली. मागे काळा धूर, आयडल वर-खाली. दहा सेकंदांत मिस्त्रींनी बंद केली. "पितेय जास्त आणि ओढत नाही."

सकाळी ७:१५
काम कार्बोरेटरचं आहे, पण मिस्त्री त्याला अजून हात लावत नाहीत. आधी टॅपेट. इंजिन गार आहे तोवरच ते बघून घ्यायचे. गेजची पत्ती व्हॉल्व्हच्या टोकाशी सरकवायची, नट ढिला, स्क्रू किंचित, नट घट्ट, परत पत्ती. पत्ती जरा अडत सरकली पाहिजे. आठ व्हॉल्व्ह, एकेक करून. दोन फारच घट्ट निघाले.

पोऱ्या प्लग काढून ओळीने फडक्यावर ठेवतो. चारही काजळीने काळे. हा पोऱ्या डहाणूकडून रोज गाडीने येतो. हजेरी सहाशे रुपये.

सकाळी ८:३०
आता करंट. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. पॉइंटवर खड्डा पडलाय. नवीन पॉइंट १६० रुपये, चार प्लग ५२०. गॅप लावला, टायमिंग पुढे होतं ते मागे घेतलं. मिस्त्री हे मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजमध्ये शिकले. तिथे दिवसाला चार-पाच पद्मिन्या यायच्या. मुंबईत टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदवलेली. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तिचीही मुदत संपली. मिस्त्री त्याच्या आधीच गावाकडे आले. आता टॅक्सी नाहीत, हौशी मालक आहेत. असं काम महिन्याला एखाद-दुसरं. बाकी सगळ्या मारुत्या आणि छोटे टेम्पो.

सकाळी १०:००
गाडीचे मालक आले. तारापूरच्या कंपनीतून निवृत्त झालेले काका. हातात मोबाइल, त्यात वेबरच्या जुळ्या कार्बोरेटरचा फोटो.

"मिस्त्री, हा टाकला तर? चाळीस हजार सांगतोय."

"काका, हा इटलीच्या रेसच्या गाड्यांवरचा. प्रत्येक सिलिंडरला वेगळं तोंड असलं की याची मजा. आपल्या इंजिनात एकाच तोंडातून चौघांना वाटप."

मिस्त्री खडूने फरशीवर गणित मांडतात. इंजिन १०८९ सीसी. दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढते. चार हजार फेऱ्यांना मिनिटाला फार तर दोन हजार लिटर हवा. तेवढ्यासाठी चाळीस मिलिमीटरचा घसा कशाला? भोक मोठं केलं की हवेचा वेग पडतो. वेग पडला की पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत. मग बोईसरच्या ट्रॅफिकमध्ये पाय दाबला की गाडी आधी आवंढा गिळणार, मग पळणार.

"मग मारुतीचा मिकुनी?"

"पुष्कळ जण बसवतात. खाली पट्टी करून घ्यावी लागते. ॲव्हरेज देईल. पण तो आठशे सीसीचा. चढाला दम कमी पडेल. तुम्ही नेता कुठे?"

"पालघर. कधी वाघोबा खिंडीतून मनोर."

"मग आपला सोलेक्सच बरा. आधी तो धड आहे का ते बघू."

काकांचा चेहरा पडला, पण चहा त्यांनीच सांगितला.

सकाळी ११:००
कार्बोरेटर खाली आला. तळहातापेक्षा थोडा मोठा. ट्रेमध्ये पेट्रोल, त्यात एकेक भाग: फ्लोट, निडल, पंपाचा पडदा, आयडल जेट, मेन जेट. मेन जेटवर १२० कोरलंय, म्हणजे भोक १.२० मिलिमीटर. मिस्त्री बारीक ड्रिलचा दांडा आत घालून बघतात. १.३० चा आरामात गेला. कोणीतरी पिकअपसाठी भोक वाढवलंय. काळ्या धुराचं कारण सापडलं. जेटमध्ये तार घालायची नाही, हे पोऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं. साफ करायचा तो फक्त पेट्रोलने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने.

दुसरा दोष बोटाला लागतो. थ्रॉटलचा दांडा धरून हलवला तर कडकड वाजतो. तिथून चोरटी हवा आत जाते, म्हणून आयडल ठरत नाही.

दुपारी १:००
डबा. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. पोऱ्याने भात-डाळ आणलीय. मिस्त्री त्याच्या डब्यात सुकट वाढतात. वीस मिनिटांत हात धुऊन दोघं उठले.

दुपारी १:४५
कार्बोरेटरचा खालचा भाग पिशवीत घालून मिस्त्री स्कूटरवरून एमआयडीसीत. तिथे एक लेथवाला कंपन्यांच्या पंपांचे शाफ्ट करतो, मधल्या वेळात असली कामं. भोक रीमरने सरळ केलं, पितळेचे दोन बुश वळले, ठोकले, परत रीमर. दांडा आता गुळगुळीत फिरतो. चारशे रुपये. तीनशे म्हणून बघितलं, लेथवाला हसला आणि चारशेच घेतले.

दुपारी ३:१५
जुळवणी. गॅस्केटचा किट ३५०, नवीन निडल १८०. फ्लोटची उंची पट्टीने मोजली. पेट्रोलचा रबरी पाइप फुगून मऊ पडलाय. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. नवा पाइप दीडशे. इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतो, त्यामुळे त्याच जेटवर मिक्स्चर थोडं पातळ पडतं. म्हणून मिस्त्रींनी १२० आणि १२५ असे दोन जेट आणलेत, एकशे वीस रुपयांना एक. आधी १२० बसवला.

दुपारी ४:१०
इंजिन गरम केलं. दांड्याच्या कडेला क्लीनरचा फवारा मारला. आवाज बदलला नाही, म्हणजे चोरटी हवा बंद. मग मिक्स्चरचा स्क्रू. आत फिरवला, इंजिन अडखळलं. बाहेर फिरवला, फेऱ्या वाढल्या, परत कमी झाल्या. मधली जागा पकडायची. मिस्त्री डोळे मिटून ऐकतात. पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे.

संध्याकाळी ५:००
चिल्हार फाट्याच्या दिशेने चक्कर. गिअर स्टिअरिंगपाशी, मिस्त्रींचा हात त्यावर सवयीने. कंपन्या सुटल्यात, बोईसरमध्ये रांग. मोकळ्या रस्त्याला तिसऱ्यात पूर्ण पाय दाबला, मग एकदम इंजिन बंद करून गाडी कडेला. गरम प्लग काढला. पांढरट. १२० पातळ पडतोय. बॉनेट उघडून तिथेच जेट बदलला, १२५ टाकला, परत तीच धाव. आता प्लगचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा.

संध्याकाळी ६:१५
परतताना पीयूसी सेंटर. फी १२५. मिस्त्रींना कागदापेक्षा आकडा हवाय. आयडलला कार्बन मोनॉक्साइड २.१ टक्के. अशा जुन्या गाडीला मर्यादा ३ ची.

संध्याकाळी ७:००
वहीच्या पानावर हिशेब. सामान, लेथ आणि पीयूसी मिळून २,१२५. मजुरी २,५००. त्यातून पोऱ्याची हजेरी, भाडं, कॉम्प्रेसरचं लाइट बिल. काकांनी ४,६२५ मोजले आणि वेबरचं पुन्हा विचारलं. मिस्त्री म्हणाले, हजार किलोमीटर चालवा, मग या.

जुनी गाडी ज्यांच्या दारात आहे त्यांनी एवढं करावं: मोठा कार्बोरेटर शोधायच्या आधी टॅपेट, पॉइंट आणि प्लग बघून घ्यावेत, आणि थ्रॉटलचा दांडा हाताने हलवून बघावा. त्याला पैसे लागत नाहीत.